कोपरापर्यंत हात

सुधाकरभाऊ, बंडीतल्या कापसावर पाणी मी टाकलं होतं.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. आमच्या आप्पांपुढे नाही. ते गेले तोवर नाही. बायकोला माहीत नाही. तुमच्याबरोबर मेलबर्नात एका छपराखाली चौदा महिने काढले, एका कुकरातला भात खाल्ला, पण तुम्हालाही सांगितलं नाही. तुम्ही गेलात आणि जीभ सुटली. यात काही मर्दुमकी नाही हे मला कळतं.

कोणती बंडी, कुठलं पाणी, हे वाचणाऱ्याला सांगावं लागेल. तुम्हाला सांगावं लागणार नाही, असं मला पंधरा दिवसांपासून वाटू लागलं आहे. तरी ऐका. एकदा माझ्या तोंडून ऐका.

मी दहावीत होतो. दारव्ह्याकडच्या आमच्या गावातून कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आप्पा आणि मी सरकारी खरेदी केंद्रावर गेलो होतो. त्या वर्षांत केंद्राबाहेर बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही. भाव पडलेला, निम्मं पीक अळीनं नेलेलं, आणि उरलेल्या निम्म्याला ग्रेडर काय म्हणतो यावर घरातलं पुढचं वर्ष ठरायचं. ग्रेडर म्हणजे बंडीवर चढून कापसाची प्रत ठरवणारा माणूस. बाकीचे ग्रेडर वरचा चिमूटभर कापूस घेत, दोन अंगठ्यांत ताणून बघत आणि प्रत सांगून मोकळे होत. आमच्या केंद्रावरचा ग्रेडर शर्टाची बाही वर सारायचा, कोपरापर्यंत हात बंडीच्या पोटात घालायचा आणि तळचा कापूस वर काढायचा. म्हणून तो कुणालाच आवडत नसे. मुनेश्वर ग्रेडर. तुमचे बाबा.

आप्पा नंबराचं विचारायला गेले होते. भर दुपार. मी बंडीवर एकटा. पुढच्या बंडीवरचा माणूस आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "काय बे पोरा, कोरडाच आणला का कापूस?"

"हो."

"मंग अर्धं वजन घरीच ठेवून आले तुम्ही."

आजूबाजूचे हसले. मलाही हसू आलं, आणि लाजही वाटली. बैलांना पाणी पाजायचा हौद जवळच होता. मी बंडीच्या मधोमध खड्डा केला, दीड बकीट पाणी ओतलं आणि वरून कोरडा कापूस दाबून बसवला. आप्पा असलं काही करणारे नव्हते, म्हणूनच त्यांना न विचारता केलं. वजन भरेल, ते खूश होतील, एवढीच माझी अक्कल.

बाबांचा हात बरोबर तिथेच गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत ओला कापूस. त्यांनी तो पिळून दाखवला नाही, आवाज चढवला नाही. आप्पांपुढे नुसता धरला. "भाऊ, पाणी मारलं हाये."

"माह्या मालाले पाणी?" आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यात ज्यानं मापात कधी खोट केली नाही, त्याला चारचौघांत चोर म्हटल्यावर होतो तसा. ते माझ्याकडे वळले. "गजू, तू होता ना बंडीवर? कोणी आलतं का इथं?"

मी म्हणालो, "आलता एक माणूस. ग्रेडरचा. चायपाण्याचं मागे. मी नाही म्हटलं तं, पाहून घेतो म्हणाला."

चार वाक्यं, भाऊ. मला कुणी शिकवली नव्हती. तोंड उघडलं आणि तयार बाहेर आली.

बाबा एवढंच म्हणाले, "माह्याकडे माणूसच नाही. मी एकटा येतो." ते कुणी ऐकलं नाही. रांगेतली माणसं माझ्यावर विश्वास ठेवायला जशी टपूनच बसली होती. खुर्ची मिळाली की हे लोक असंच करतात, असं कुणीतरी म्हणालं, आणि 'हे लोक' म्हणजे कोण ते तिथे कुणाला विचारावं लागलं नाही. माझं खोटं खपलं ते माझ्या हुशारीनं नव्हे. त्यासाठी जागा आधीच करून ठेवलेली होती.

तक्रार झाली. चौकशीचे साहेब शाळेत आले, हेडमास्तरांच्या खोलीत माझी जबानी लिहून घेतली. मी सही केली. नवी नवी सही शिकलो होतो, खाली दोन रेघा मारायचो. त्याही मारल्या. बाबा निलंबित झाले असं पुढे कानावर आलं, त्यानंतरचं कुणी विचारलं नाही. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव राहिलं. कुणी वांगी उलटूनपालटून बघू लागलं की आप्पा म्हणायचे, "काहून बे, मुनेश्वर झाला का?" आणि घर हसायचं. मीही.

आता विमानतळ.

आठ-नऊ वर्षांनंतरची गोष्ट. आप्पांनी रस्त्याकडचं वावर विकून मला शिकायला परदेशी पाठवलं होतं. जुलै महिना, मेलबर्नात हिवाळा, अंगात नागपुरात घेतलेलं पातळ स्वेटर. नव्या मुलांना घ्यायला तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी येतं, एवढं कळवलं होतं. बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझं नाव मराठीत लिहून तुम्ही उभे होता. त्या एवढ्या माणसांत मराठी अक्षरं बघून मला रडू फुटायचं बाकी होतं.

"राऊत ना? ये. मी सुधाकर मुनेश्वर. मारेगावचा, जिल्हा यवतमाळ. आता तू सांग, गाव कोणतं?"

"हिंगणघाट," मी म्हणालो.

का म्हणालो? मुनेश्वर नावाचं काय एकच घर आहे? पण माझ्या तोंडाला खोट्याची सवय होती, ते माझ्याआधी उत्तर देत असे. तुम्ही म्हणालात, "वर्धा जिल्हा! म्हणजे शेजारीच की लेका," आणि माझी जड बॅग उचलून चालू लागलात. मागून चालताना मी मनात म्हटलं, हा माणूस ओळखदेख नसताना बॅग कशाला उचलतो?

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला जुन्या कपड्यांच्या दुकानात घेऊन गेलात. दुकानात एक जाड रजई घडी करून ठेवली होती. मी किंमत बघत होतो. तुम्ही बाही वर सारलीत, घडीच्या मधोमध कोपरापर्यंत हात घातलात, क्षणभर डोळे मिटलेत आणि म्हणालात, "वरून कोरडी हाये. आत ओल हाये. ही नको घेऊ."

तेव्हा खात्री झाली. जगात असा हात घालणारी दोन घरं नसणार.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर नजर ठेवून होतो. हे शब्द लिहिताना लाज वाटते, पण दुसरे शब्द खरे ठरणार नाहीत. फुटस्क्रे नावाच्या उपनगरातलं ते लाकडी घर. चौघं राहायचो. दोघे पंजाबी, ते बहुतेक वेळ कामावर. उरलो तुम्ही आणि मी. मातीवर संशोधन करणारे, शिष्यवृत्ती मिळवून आलेले तुम्ही, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. मला कुठे नेऊ आणि काय दाखवू असं तुम्हाला झालेलं. ट्रामचं तिकीट कुठे टोचायचं. बँकेत काय म्हणायचं. रस्ता ओलांडायच्या खांबावरचं बटण. व्हिएतनामी बाईच्या दुकानात कोणती मिरची आपल्यासारखी लागते. आणि या सगळ्याच्या मध्ये एखादा प्रश्न, सहज फेकल्यासारखा.

"तुमच्याकडं कापूसच ना?"

"हो."

"किती एकर?"

"थोडंसंच."

"आन् घालता कुठं, केंद्रावर का व्यापाऱ्याले?"

"व्यापाऱ्याले," मी म्हणायचो, आणि विषय ट्रामवर न्यायचो. खोलीत आल्यावर, आपण कुठल्या दिवशी काय सांगितलं ते आठवून ठेवायचो, म्हणजे पुढच्या वेळी त्यात फरक पडायला नको. हिंगणघाटला मी तोवर पाऊल ठेवलं नव्हतं. तिथली एक शाळा, एक मामा, एक विहीर मी मेलबर्नात बसून तयार केली. घरापासून लांब आलेला प्रत्येक माणूस गाव आठवतो. मी जे गाव आठवायचो ते माझं नव्हतंच. आईची आठवण आली तरी तिला आधी हिंगणघाटात नेऊन बसवावं लागे, मग तुमच्यापुढे तिच्याबद्दल बोलता येई.

पहिल्याच आठवड्यात मी हरवलो ते आठवतं? कॉलेजातून निघालो, सूर्य बघून दिशा धरली आणि चालत राहिलो. दीड तास. घर येईना. कुठल्यातरी कारखान्याच्या भिंतीशी उभं राहून, सार्वजनिक फोनवरून तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात आणि हसून हसून वाकलात.

"अबे, इथं सूर्य उत्तरेकडून जाते! शेतकऱ्याचा पोरगा नं तू?"

मला राग आला. 'शेतकऱ्याचा पोरगा' हे तुम्ही टोचून म्हणालात असं वाटलं. परत येताना सबंध रस्ता मी तुमच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होतो. तुम्ही मला कोपऱ्यावरची झाडं दाखवत होता, खुणेसाठी. "हे पिवळ्या खोडाचं पाह्य. इथून डावीकडं. सूर्यावर भरोसा ठेवू नको, झाडावर ठेव."

त्या काळात शेतकरी आत्महत्यांपायी आपल्या जिल्ह्याचं नाव तिथल्या पेपरातही यायचं. वर्गात कुणी विचारलं कुठून आलास, आणि चुकून खरं निघून गेलं, तर समोरचा चेहरा पाडून म्हणायचा, अरेरे. तुम्हाला त्याचा संताप यायचा. "काय अरेरे? आमच्याकडं लोकं हासत नाहीत का? लग्नं होत नाहीत का?" म्हणायचात. मला मात्र बरं वाटायचं. अरेरे म्हणून माणूस थांबला की पुढचा प्रश्न विचारत नाही.

दिवाळीला आईचं पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, दोऱ्याचे टाके घातलेलं, वर पोस्टातल्या बाबूनं जाड शाईनं लिहिलेलं. पाठवणाऱ्याच्या जागी आप्पांचं पूर्ण नाव, गाव, तालुका दारव्हा. तुम्ही घरी नव्हता. मी कापड टराटरा फाडलं, जवसाची चटणी आणि चकल्या बाहेर काढल्या आणि कापड कचऱ्याच्या डब्यात खाली, भाजीच्या देठांखाली कोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते अंगणातल्या तारेवर वाळत होतं.

"कापड चांगलं हाये," तुम्ही म्हणालात. "फेकतं कायले? पिठाच्या थैलीले बांधाले होईन."

मी तारेशी जाऊन बघितलं. शाई पसरली होती, पण सगळी गेली नव्हती. तुम्ही वाचलं की नाही, हे मी तुमच्या तोंडावर शोधत राहिलो. तुमच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते कापड आपल्या पिठाच्या थैलीच्या तोंडाला बांधलेलं होतं, अक्षरांची बाजू आत. मला वाटायचं, मुद्दाम ठेवलंय. मी मोडावं म्हणून. पोळ्या करायची पाळी माझी असली की ते सोडताना मी आतली बाजू बघायचं टाळायचो.

तुमची एक सवय सांगतो, कारण पुढे तिच्यावर सगळं येऊन थांबतं. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर तुम्ही पेन्सिलीनं नावं लिहायचात. व्हिएतनामी बाईकडून आणलेली पुडी ओळखीची नसली की नावापुढे प्रश्नचिन्ह. 'जिरं?' 'ओवा?' मग चाखून, चोळून, फोडणीत टाकून बघायचात. खात्री पटली की प्रश्नचिन्ह खोडरबरानं खोडायचं. मी चिडवायचो, "भाऊ, इथं काय प्रयोगशाळा हाये का?" तुम्ही म्हणायचात, "जोवर माहीत नाही तोवर लिहून ठेवावं, की माहीत नाही. त्याच्यात कायची लाज?"

आणि तो रविवार. दुपारी तुम्ही वांग्याची भाजी टाकली होती, मी भाकरी थापत होतो. बाहेर थंड वारा. तुम्ही स्वतःहून बोलायला लागलात. बाबा ग्रेडर होते. एका तक्रारीवरून निलंबित झाले. चौकशी वर्षानुवर्षं चालली. परत घेतलं ते दूरच्या गोदामात, कापसाला हात लावायचा नाही अशा कामावर. मारेगावात लोक तोंडावर काही बोलत नसत, पण बाजारात बाबा उभे राहिले की कुणीतरी हळूच बाही वर करून दाखवायचं. तुम्ही तेव्हा कॉलेजात होता.

"तक्रार कोणाची होती?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं. न विचारणं संशयाचं दिसलं असतं.

"एक शेतकरी. बाबा म्हणतात, माणूस खरा होता. त्याले खरंच माहीत नव्हतं. साक्ष त्याच्या पोराची होती."

मी भाकरी उलटली.

"बाबा त्या पोरावर कधी चिडले नाही. म्हणतात, एवढंसं पोरगं, त्याले कोणीतरी शिकवलं असन. त्याचा काय दोष?"

भाऊ, तेव्हा सांगायचं होतं. तवा गरम, घरात तिसरं कोणी नाही, तुम्ही माझ्याकडे पाठ करून भाजी हलवत उभे. याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळणार नव्हती. मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल.

"पण भाऊ, सगळेच ग्रेडर खात होते तवा. धूर काय उगाच निघते का?"

तुम्ही गॅस बंद केलात. "तू पाह्यलं का?"

"सगळ्यांलेच माहीत हाये."

"तू पाह्यलं का, एवढं विचारून राह्यलो मी."

आपलं भांडण तिथे सुरू झालं आणि संपलंच नाही. मी ओरडलो. माणूस खोटं वाचवायला जितका ओरडतो तितकं खऱ्यासाठी ओरडत नाही. तुम्ही ओरडला नाहीत. दोन दिवस बोलला नाहीत. पण मी क्लासहून येईतो कुकरात भात आणि वर झाकलेली ताटली असायची. ती बघून मला आणखी राग यायचा. हा मला जेवू घालून घालून बोलायला लावणार, असं वाटायचं. भात खायचो आणि संशयही खायचो.

भांडणानंतर तिसऱ्या महिन्यात मी ते घर सोडलं. परीक्षेचं कारण चिठ्ठीत लिहून, तुम्ही नसताना. त्याच संध्याकाळी तुम्ही ट्रामनं माझ्या नव्या खोलीवर आलात, काखेत रजई. दुसऱ्या दुकानातून शोधलेली, आत-बाहेर कोरडी. "हे विसरला तू," म्हणालात. दारातूनच परत गेलात. मी 'या' म्हटलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मी आजारी पडलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी दार वाजवणारे तुम्हीच होता. त्या शहरात मला दुसऱ्या कुणाचा दार वाजवायचा आवाज ओळखूच येत नव्हता. मी जगलो तिथे, शिकलो, परत येऊन पुण्यात नोकरीला लागलो, आप्पांच्या विकलेल्या वावराची त्यांना खंत वाटू दिली नाही. त्या परक्या शहरात मला पाय रोवता आले ते तुम्ही दाखवलेल्या झाडांच्या खुणेनं. आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवून मी उभा राहिलो, त्याच्याच बापाला मी खाली पाडलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. हे कसं पेलायचं ते मला वीस वर्षांत जमलं नाही, म्हणून मी दुसरीच सोय केली. तुमच्यावर संशय घेत राहिलो. तुम्ही चांगले आहात असं मानलं असतं, तर मला बोलावं लागलं असतं.

तुम्ही नागपुरात प्राध्यापक झालात. दर वर्षी फोन, दर वर्षी तेच. "एकदा मारेगावले ये. बाबाले भेट. त्यायले माणसं आवडतात रे." मी कारणं देत गेलो. पोरीची परीक्षा, कंबर, ऑफिस. शेवटचा फोन दवाखान्यातून होता. तुमचा आवाज बारीक झालेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "गजू, तुले काही सांगायचं हाये का?"

"नाही भाऊ," मी म्हणालो. "सगळं ठीक. तुम्ही आराम करा."

"बरं," तुम्ही म्हणालात.

पुण्यानुमोदनाला मी मारेगावला आलो. तुम्ही असताना नाही आलो, तुम्ही गेल्यावर आलो. पांढऱ्या कपड्यावर दोन तसबिरी, खाली तुमचा फोटो, मेलबर्नच्याच कुठल्यातरी बागेतला. तो मी काढलेला आहे. वंदना झाली, माणसं पांगली. वर्षावहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दारव्ह्याकडचे ना? हे नेहमी सांगत."

बाबा बाजूलाच खाटेवर बसले होते. मी म्हणालो, "नाही वहिनी. हिंगणघाट."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "हो का," म्हणाल्या आणि आत गेल्या. तुमच्या फोटोपुढे, भाऊ. उदबत्ती विझली नव्हती.

बाबांचे डोळे आता जवळजवळ गेले आहेत. मी पाया पडलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि अंगठ्यानं दाबत, चाचपत राहिले, जसा धागा बघतात. "हात थंडा हाये तुमचा," म्हणाले. मग उशाखालून प्लास्टिकची पिशवी काढली. येणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला ते ती दाखवतात, असं शेजारच्यांनी सांगितलं. "जरा वाचून पाह्य ना बाप्पा, कुठं काही राह्यलं का याच्यात. सुधाकर वाचे. आता कोण वाचन?"

चौकशीचे कागद. निकालात म्हटलेलं, आरोप पूर्ण सिद्ध होत नाही, पण साक्ष पाहता संशयाला वाव आहे. तोच शब्द. एका माणसाचं आयुष्य त्या शब्दावर टांगून साहेबांनी सही केली होती. त्यामागे माझ्या जबानीची नक्कल. ती चार वाक्यं साहेबी मराठीत. खाली माझी सही, दोन रेघांसकट. आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह.

ते खोडलेलं होतं.

कागद उजेडाकडे धरल्यावर खूण दिसते. खोडरबरानं, नीट, कागद न फाटता खोडलेलं. तुम्ही कधी खोडायचात ते मला ठाऊक आहे. चाखून झाल्यावर.

कधी खोडलंत, भाऊ? कापड तारेवर वाळत घातलंत तेव्हा? मी 'धूर काय उगाच निघते का' म्हणालो तेव्हा? रजई आणून दिलीत ती खोडण्याआधी की नंतर? आणि त्यानंतर इतकी वर्षं फोन करत राहिलात ते का? मी आपण होऊन येईन म्हणून? मला राग यायला हवा की तुम्ही गप्प राहिलात. तुम्ही एकदा कॉलर धरली असती तर मी सुटलो असतो. पण तुमच्या घरात ओला कापूस पुढे धरतात आणि थांबतात. पिळत नाहीत. बाबांनीही तेच केलं होतं. तुम्ही फोनवर तेच केलंत, आणि मी पुन्हा म्हणालो, नाही.

माझा संशय अजून गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. बाबांनी ते कागद मलाच का दिले? खरंच सगळ्यांना देतात, की हात चाचपून त्यांना कळलं? मी वाचून झाल्यावर म्हणालो, "काही राह्यलं नाही यात." ते म्हणाले, "नीट पाह्यलं ना?" मी हो म्हणालो. त्यांनी कागद परत घेतले, घडी जुळवली आणि पिशवीत हात घालून तळाशी सरकवले.

हे मी छापायला देतो आहे. पण छापणं म्हणजे देणं नव्हे, एवढं मला कळतं. बाबांना आता वाचता येत नाही, आणि हे त्यांना वाचून दाखवायचं काम मी वर्षावहिनींवर टाकू शकत नाही.

तुमचं जे काही माझ्याकडे आहे, ती रजई, ती झाडं, तो झाकून ठेवलेला भात, ते फिटायचं नाही, आणि तुम्ही ते फेडून घेणारे नव्हता. फिटण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे. मारेगावला जाऊन, बाबांच्या खाटेशी बसून, त्यांच्या गावातली चार माणसं समोर असताना सांगायचं की पाणी मी टाकलं, तुमचा कुणी माणूस आला नव्हता, कुणी काही मागितलं नव्हतं, मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ते कागदावर लिहून खाली सही करायची. ही जबानी मी तुमच्या बाबांना देणं लागतो. आज, हे लिहीपर्यंत, ती मी दिलेली नाही.